सुलभाताईंच्या टिकल्या

सुलभाताई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या आणि आल्या आल्या जमिनीवर पालथ्या पडल्या.

घसरून नव्हे, चांगल्या मुद्दाम. परदेशात, तोआ पायोह भागातल्या त्या फ्लॅटमध्ये आम्हाला येऊन चारच दिवस झाले होते. अर्धी खोकी तशीच पडली होती. मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सगळ्यात आधी उघडलं होतं ते आपोआप फिरून केर काढणाऱ्या यंत्राचं खोकं. शेजारच्या दारातल्या मराठी बाई ओळख करून घ्यायला आल्या. हातात नारळाच्या वड्यांचा डबा होता. 'या, बसा' झालं. तेवढ्यात ते यंत्र सोफ्याखालून बाहेर आलं. बाईंनी डबा माझ्या हातात कोंबला आणि विचारलं, "हे बंद कसं करायचं?"

"अ‍ॅपवरून," मंजिरी कौतुकानं म्हणाली.

"आणि फोनचं चार्जिंग संपलं असेल तर?"

मंजिरीनं माझ्याकडे बघितलं. मी वड्यांकडे बघितलं. पुढच्याच क्षणी पन्नाशी उलटलेली ती बाई, ऑफिसच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत, आमच्या फरशीवर पालथी पडून त्या यंत्राच्या कडेकडेनं बोटं फिरवत होती. खालून आवाज आला, "सापडलं!" यंत्र गप्प झालं. बाई उठल्या, पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक ठसठशीत लाल टिकली सोलून त्या बटणावर चिकटवली आणि म्हणाल्या, "चालू काय, कुणीही करतं. बंद कसं होतं ते आधी शिकायचं. मी सुलभा मेश्राम. वडी घ्या ना."

मी वडी घेतली. उत्तम होती. म्हटलं चला, शेजारीण वेडी असली तरी हाताला चव आहे.

ही वेडी बाई कोण, ते पुढे महिनाभरानं कळलं. संरक्षणाच्या संशोधनातली मोठी असामी! माणसाशिवाय, आपल्या आपण समुद्रात फिरणाऱ्या बोटी जिथे तयार होतात, त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. हाताखाली इंजिनिअरांची फौज. पण हे सगळं आम्हाला इतरांकडून समजलं. त्यांना विचारावं, "तुम्ही नक्की काय करता हो?" तर दोन शब्दांत उत्तर. "बंद करते."

यापुढे एक अक्षर नाही. कामच तसलं, बाहेर बोलायचं नाही. माझी आई नाशिकहून फोनवर खोदून खोदून विचारायची, "त्या शेजारच्या बाई काय करतात रे?" आता काय सांगणार? म्हटलं, बंद करतात. आईचा समज झाला की बाई वीजमंडळात आहेत. तो अजून तसाच आहे.

टिकल्या त्या लिटिल इंडिया नावाच्या इथल्या भारतीय बाजारातून आणायच्या, डझनावारी. दुकानदाराला वाटायचं, बाई फार जुन्या वळणाच्या दिसतात. कपाळावर मात्र एकही नाही. टिकल्या सगळ्या घरात. मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन, पंखा, जिथे जिथे काही बंद करायचं बटण, तिथे तिथे लाल ठिपका. वर्षभरात त्यांच्या घराची साथ आमच्या घरात आली. खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारातल्या, कॉफीवाल्या अंकलनंही भिंतीवरच्या पंख्यांच्या बटणांना टिकल्या लावून घेतल्या. तो त्यांना 'स्टॉप आंटी' म्हणायचा. "स्टॉप आंटी, कोपी-सी?" असं लांबूनच ओरडायचा. बाई खूश. तेवढा मान त्यांना परिषदेतल्या टाळ्यांचाही वाटत नसावा.

त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे शिक्षाच. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सरकत्या जिन्यापाशी आलो की ताई थांबणार. जिन्याच्या पायथ्याशी ते लाल बटण असतं ना, आपण जन्मात कधी बघत नाही, ते त्या सगळ्यांना दाखवणार. "हे इथे. वर गेल्यावर दुसरं. बघितलंस? हात कर तिकडे." मी बेचाळीस वर्षांचा घोडा, बँकेतला सॉफ्टवेअरवाला, भर गर्दीत बटणाकडे हात करून उभा! माझी मुलगी रेवा आठ वर्षांची. ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणायची, "ताई-आंटी, एव्हरी टाइम सेम बटण लाह!" पण हात मात्र करायची.

लग्न का केलं नाही, असं मंजिरीनं एकदा धीर करून विचारलं. ताई अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, चालू करणारे पुष्कळ आले. बंद कसं करायचं ते एकालाही सांगता येईना." आणि स्वतःच खो खो हसल्या.

सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आमच्या मराठी मंडळींच्या स्नेहसंमेलनात त्यांनी माझी पार शोभा केली. मी त्या वर्षी कार्यवाह. ताईंनी सकाळीच येऊन हॉलचा मेन स्विच कुठे आहे ते शोधलं, त्याला टिकली लावली. मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळी प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि ध्वनिक्षेपकानं अशी काही किंकाळी फोडली की पोरं रडायला लागली. साउंडवाला पोरगा वायरींत गुरफटलेला. तिसऱ्या रांगेतून ताई उठल्या, शांतपणे चालत गेल्या आणि टिकली दाबली. किंकाळी बंद. दिवे बंद. एसी बंद. मागे मसालेभात गरम ठेवला होता, तोही बंद. प्रमुख पाहुणे मात्र बंद झाले नाहीत, ते अंधारात आणखी वीस मिनिटं बोलले.

मी चिडलो. "अहो, नुसता माईक बंद करायचा ना!"

"माईकचं बटण कुठलं ते मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माहीत नसलं की सगळं बंद करायचं. शोधत बसायचं नाही." त्यांचा आवाज जरा कापला, असं मंजिरी नंतर म्हणाली. मला काही जाणवलं नव्हतं. माझं सगळं लक्ष गार झालेल्या मसालेभाताकडे.

वेई लिंग आमच्या घरी आली ती त्याच सुमारास. ही ताईंच्या प्रयोगशाळेतली तिशीची इंजिनिअर. एका रविवारी ताईंकडे काही कागद द्यायला आली, ताई घरात नव्हत्या, मंजिरीनं तिला आमच्याकडे बसवून पोहे दिले. पोह्यांनी माणूस बोलता होतो. तिनं सांगितलं की मुलाखतीला मोठमोठे हुशार लोक आले होते, बोट वाट कशी शोधते ते फळ्यावर भरभर मांडत होते. ताईंनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. बंद कशी कराल? वेई लिंग म्हणाली, मला माहीत नाही, दाखवा. ताईंनी तिथल्या तिथे तिला घेतलं.

"पण बटण मला देत नाही," ती म्हणाली. म्हणाली इंग्रजीत, मी मराठीत सांगतोय.

मग तिनं बोलण्याजोगं होतं तेवढं सांगितलं. चाचणीच्या दिवशी ती बिनमाणसाची बोट पुढे जाते, तिच्या मागून माणसांची एक लाँच जाते. लाँचमधल्या एका माणसाच्या हातात डबीएवढं यंत्र असतं, त्यावर लाल बटण. काही बिनसलं की दाबायचं, पुढची बोट जागच्या जागी थंड. हे बटण गेली अठरा वर्षं फक्त ताईंच्या हातात. आता त्या प्रमुख झाल्या. प्रमुखानं ऑफिसात बसायचं असतं. वरच्यांनी सांगून झालं, दुसरं माणूस तयार करा. वेई लिंग तयार होती, परीक्षा पास झाली होती, फक्त ताईंची सही व्हायची होती. कागद वर्षभर टेबलावर पडून होता. ताई लाइफ जॅकेट घालून लाँचवर, बटण मुठीत.

"आणि म्हणून बॉस घरी जात नाही," वेई लिंग म्हणाली. "दर महिन्याला चाचणी असते. दोन दिवसांच्या वर कधी सुट्टीच नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर रविवारी भिंतीपलीकडून ताईंचा व्हिडिओ कॉल ऐकू यायचा. वर्ध्याकडे त्यांचे वडील एकटेच राहायचे. त्यांच्याशी बोलताना ताईंची भाषा एकदम बदलायची, बायकाही 'येतो-जातो' म्हणतात तशी वऱ्हाडी व्हायची, ऐकायला मोठी गोड. तिकडून म्हातारा दर वेळी विचारायचा, "कवा येतं, माय?" आणि इकडून ताई म्हणायच्या, "येतो ना बाबा. थोडंसं काम आटपलं का येतो." म्हाताऱ्याला ऐंशीवं लागत होतं. गावात वाढदिवस करायचा घाट घातला होता. ताई जाणार नव्हत्या, हे भिंतीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

मग म्हाताऱ्यानं काय करावं? तो स्वतःच आला! भाच्यानं मुंबईत विमानात बसवलं, ताईंनी इथे उतरवून घेतलं. लिफ्टमधून बाहेर पडले ते धोतर, पांढरा सदरा, पायांत नवेकोरे स्पोर्ट्स शूज. मला बघून उजवा हात उंचावला, "जय भीम, पोरा! ज्याच्या घरी झाडू आपल्या मनानं फिरते, तोच ना तू?"

"जय भीम, काका. तोच मी," मी म्हटलं. आणि तेव्हा दिसलं, त्या हाताला फक्त अंगठा होता.

काकांनी आठवड्यात आख्खी इमारत खिशात घातली. सकाळी खाली हॉकर सेंटरमध्ये जाऊन बसायचे, कॉफीवाल्या अंकलशी तासन् तास बोलायचे. हे वऱ्हाडीत, तो हॉक्येन नावाच्या चिनी बोलीत. कुणाचं काही अडत नव्हतं. मी एकदा विचारलं, "गावात लोक विचारत असतील ना, मुलगी काय करते?" तर म्हणाले, "इचारतात ना! मी सांगतो, समुद्रात बोटी थांबवते. लोकाइले वाटते पोलिसात हाय. मी म्हनतो, वाटू द्या."

रविवारी दोघांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, श्रीखंड. काका डाव्या हातात चमचा धरून मजेत जेवत होते. रेवा त्यांच्या उजव्या हाताकडे टक लावून बघत होती. मंजिरीनं दोनदा डोळे वटारले. पण पोरीला कसला दम निघतोय!

"आजोबा, युअर फिंगर्स व्हेअर?"

ताईंचा घास हातातच राहिला. काका मात्र हसले. "घ्या! कोनीतरी इचारलं. मोठे मानसं नुसते पायत रायतात. सांगतो ना बाई, ऐक." आणि सांगायला लागले. मी रेवासाठी मधूनमधून इंग्रजी करत होतो.

"कापसाच्या जिनात कामाले होतो मी. जिन म्हनजे काय, रुई अन् सरकी येगळी करनारा कारखाना. मोठ्ठे रूळ फिरतात. एक डाव त्या रुळात माहा हात गेला. बोटं धरले त मशीन सोडेच ना, ओढूनच रायली. आजूबाजूले पंधरा मानसं. सारे बोंबलून रायले. अन् हे सुलभा, नऊ वर्साची पोट्टी, माहा डबा घेऊन आलती. तिनं डबा टाकला अन् भिंतीकडे धावली. खटक्याकडे! अन् काय सांगू, सारं जिन बंद. लाइट बंद. तिकडे हापिसात शेठ बसला होता, त्याचा पंखाबी बंद!"

काका हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मले दवाखान्यात नेऊन रायले, अन् शेठ बाहेर येऊन इचारते, माहा पंखा कोनं बंद केला? साऱ्या गावात शेठचा पंखा बंद करनारी हे एकलीच!"

आम्ही हसलो. मला स्नेहसंमेलनातला अंधार आठवला आणि मी ताईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या.

"सातवा होता, बाबा," त्या म्हणाल्या.

"काय सातवा?"

"खटका. भिंतीवर सात खटके होते. कोणता कशाचा, मले माहीत नव्हतं. मी एकेक ओढत गेलो. सहा चुकले." त्यांनी वडिलांच्या हाताकडे बघितलं. "पहिलाच बरोबर ओढला असता तर तुमची बोटं राहिली असती."

काकांनी चमचा खाली ठेवला.

"सात? तू मोजले होते?"

"रोजच मोजतो."

पंचेचाळीस वर्षं ही बाई भिंतीवरचे सात खटके मोजत होती. आणि आम्ही तिच्या टिकल्यांना हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

काकांनी तो हात उचलून ताईंच्या पुढ्यात ताटाशेजारी ठेवला. "अवो माय, तिथं पंधरा मानसं होते. बापे मानसं! त्याइनं एकबी खटका नाही ओढला. तू सात ओढले. मशीन खांद्यापर्यंत जात होती माही. चार बोटं गेले ते तुले दिसते, हा एवढा हात रायला ते नाही दिसत? ह्याच हातानं सायकल धरून तुले धाव्वीपर्यंत शाळेत नेलं ना मी?"

ताईंनी त्या हातावर आपला हात ठेवला आणि लहान पोरीसारख्या हमसून रडल्या. मंजिरीही रडली. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. रेवानं आजोबांच्या वाटीत आणखी श्रीखंड वाढलं, तेवढं एक शहाणपणाचं काम झालं.

पुढच्या आठवड्यात चाचणी होती. संध्याकाळी ताई कॉरिडॉरमध्ये भेटल्या. मी नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "आज सही केली. बटण वेई लिंगकडे होतं."

"आणि तुम्ही?"

"मी धक्क्यावर उभी होते. हात खिशात घालून. खिशात टिकल्यांची दोन पाकिटं चुरगाळली, पण उभी राहिले."

काकांना घेऊन त्या पंधरा दिवसांसाठी गावी निघाल्या. वाढदिवस गावातच व्हायचा होता. किल्ली माझ्याकडे दिली, कुंड्यांना पाणी घालायला. ताईंचा दोन दिवसांचा दौरा असला तरी मला दिवसातून तीनदा फोन यायचा. "गीझर?" "बंद." "गॅस?" "बंद." "नक्की?" "नक्की, ताई." त्यामुळे पंधरा दिवसांत माझं काय होणार, या विचारानं मी आधीच फोनचा आवाज बारीक करून ठेवला होता.

पहिला दिवस गेला, फोन नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी मला राहवेना. किल्ली घेऊन त्यांच्या घरात गेलो, कुंड्यांना पाणी घातलं आणि हात धुवायला आत गेलो, तर काय! टिकलीच्या बटणाशेजारी लाल दिवा पेटलेला. गीझर चार दिवस चालू! सुलभाताईंच्या घरातला गीझर! मी टिकली दाबली आणि घाईघाईनं फोन लावला.

"ताई, अहो, तुमचा गीझर चालूच राहिला होता."

"हो का?" मागे बराच कलकलाट होता. "राहिला असेल रे. बंद केलास ना? बरं केलंस. अभय, मी नंतर बोलते हं, लोक जमलेत, बाबा बोलावून राहिले."

आणि फोन बंद करायला त्या विसरल्या.

बहुतेक कुठेतरी ठेवून दिला असावा. मला सगळं ऐकू येत होतं. भांडी वाजत होती, पोरं ओरडत होती आणि त्यातून काकांचा खणखणीत आवाज, "अन् हे पोट्टी भिंतीकडे धावली! खटके ओढले..."

"सात, बाबा! सात ओढले," ताईंचा आवाज आला. "सातवा मेन होता. शेठचा पंखा तवाच गेला!"

मंडळी हसली. त्या सगळ्या आवाजांवर ताईंचं हसू मला वेगळं ओळखू आलं. मी त्यांच्या बाथरूमच्या दारात, एका हातात रिकामी झारी आणि दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन, असा कितीतरी वेळ उभा होतो. कट करायचं लाल बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं.

मीही ते दाबलं नाही.